ट्रिपल-ए कुंदा मुठीत का चिरला: ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

मेच्या शेवटच्या आठवड्यात दादासाहेब जुन्या धोतरात गुंडाळलेलं लाकूड घेऊन माझ्याकडे आले. बंदूक बरोबर नव्हती. ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बंदूक-कारागीर उस्तादांच्या परवानाधारक दुकानात, रजिस्टरला नोंद होऊन, कुलपात होती. उस्तादांनी स्क्रू काढून कुंदा, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता, तेवढा सुटा केला होता आणि "ये तो टूटनी ही थी" एवढंच बोलून तो दादासाहेबांच्या हातात दिला होता. टूटनी का होती, हे विचारायला दादासाहेब माझ्याकडे आले.

मी बंदुकीतला माणूस नाही. तीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, केले. बिडाचं ओतकाम निवताना आकसतं, म्हणून आमची पट्टीच फुटामागे एक अष्टमांश इंच मोठी असते. लाकूड किती हलतं आणि कोणत्या दिशेला हलतं, एवढंच मला कळतं. या प्रकरणात तेवढं पुरलं.

आधीची हकीकत अशी. बंदूक आजोबांची, विलायती, बारा बोअरची, शेजारी-शेजारी दोन नळ्या, बॉक्सलॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा नळ्यांमागच्या लोखंडी पेटीत बसवलेली. शिकारीवर १९७२च्या कायद्याने बंधनं आली तेव्हापासून ती कपाटात उभी, नळ्या वर आणि कुंदा खाली. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची आणि पूजेआधी घरातलं कुणीतरी हात सढळ सोडून तेल घालायचं. ते तेल पन्नास वर्षं ओघळून ॲक्शनच्या, म्हणजे त्या लोखंडी पेटीच्या, मागे लाकडात मुरत राहिलं. मूळ कुंद्याचा पुढचा भाग काळा पडून इतका मऊ झाला होता की नख रुतायचं. खडूची पूड आणि थिनर लावून उस्तादांनी तेल ओढून काढायचा प्रयत्न केला, पण लाकडात जीवच उरला नव्हता. (बंदूक ठेवायचीच तर नळीचं तोंड खाली करून ठेवावी, किंवा तेलाचा हात तरी आखडता घ्यावा. पूजा काय, थेंबभर तेलानेही होते.)

शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. दादासाहेबांनी एक जमा केलं आणि ही ठेवली. ठेवली आहे तर थाटात ठेवायची, म्हणून दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून अक्रोडाचा ठोकळा मागवला. यादीत त्याच्यापुढे 'ट्रिपल-ए, एक्झिबिशन' असं लिहिलेलं, म्हणजे सर्वांत वरची ग्रेड. किंमत ४५ हजार, नुसत्या लाकडाची. जानेवारीत दुसऱ्याच एका कारागिराने कुंदा घडवला. उस्तादांना हे नंतर कळलं आणि ते अजून रुसलेले आहेत. मार्च ते मे दादासाहेब तीनदा भोपाळच्या रेंजवर गेले, सगळी मिळून दोनेकशे काडतुसं झाडली. तिसऱ्या खेपेला मुठीवर केसासारखी रेघ दिसली आणि घरी येईपर्यंत तिची चीर झाली.

धोतर सोडलं आणि पहिल्यांदा मीही गप्प झालो. लाकूड खरोखर देखणं होतं. मधाच्या रंगावर काळ्या रेघा आणि मधोमध मोराच्या पिसासारखा फुललेला फराटा. झाडाचं खोड जिथे दोन फांद्यांत फुटतं त्या बेचक्यात असं लाकूड मिळतं. दोन्हीकडचे तंतू एकमेकांत घुसतात, वळतात, दबतात, आणि नेमकी तिथे करवत चालली की हे पीस उमटतं. ट्रिपल-ए हा शेरा त्या पिसाला होता, आणि पिसापुरता तो खोटा नव्हता.

चीर बघा कुठे होती. वरच्या लोखंडी पट्टीच्या शेवटच्या टोकापासून निघून उजवीकडे तिरकी खाली, चापाभोवतालच्या कड्याच्या मागे. म्हणजे पंजा जिथे आवळतो त्या मुठीतून आरपार. कुंद्यातली सगळ्यात बारीक जागा ही. वरून पट्टी बसवायला लाकूड कोरलेलं, खालून कड्याची पट्टी, मधून स्क्रूचं भोक. मागचा रुंद भाग कितीही जाड असो, बार उडाला की धक्का या चार इंचांतूनच खांद्याकडे जातो.

उगाच लाकडावर खापर फोडायला नको, म्हणून आधी बाकीच्या शंका फेडून घेतल्या. काडतूस भारी होतं का? दादासाहेबांनी रेंजवर २४ ग्रॅम छऱ्याचीच वापरली होती, ऑलिंपिक ट्रॅपला चालतात ती. इंग्रजी बंदूकवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की बंदूक छऱ्याच्या ९६ पट जड असावी. २४ ग्रॅमला २ किलो ३०० ग्रॅम झाले आणि ही बंदूक तीन किलोला टेकते. धक्का मवाळच म्हणायचा. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी उस्तादांनी गेजने मोजली, काडतुसाशी जुळत होती. बंदूक कुठे पडली-बिडली का, असं विचारलं तर दादासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न मागे घेतला.

मग लाकूड. तंतू कुठे चाललेत हे डोळ्यांना दिसतं त्यावर विसंबू नये, कारण रंगाच्या रेघा एका दिशेला आणि तंतू दुसऱ्याच दिशेला असं अक्रोडात नेहमी होतं. मुठीवरचं पॉलिश बोटभर जागेत खरवडलं आणि टाकाने शाईचा एक थेंब ठेवला. शाई चहूकडे सारखी पसरत नाही. तंतूंच्या नळ्यांतून धावते, म्हणून थेंबाची लांबट रेघ होते आणि ती रेघ खोटं बोलत नाही. डाव्या बाजूला शाई सहा सेंटिमीटर मागे जाईपर्यंत दोन सेंटिमीटर खाली उतरली. तीनास एकचा उतार झाला हा. चीर त्या रेघेला समांतर होती, अगदी पट्टी ठेवून ओढावी तशी.

तंतू तिरके झाले की ताकद किती जाते, याचे आकडे लाकडाच्या अभियांत्रिकीत कधीचे मांडून ठेवलेत. सरळ तंतूंचं लाकूड शंभर धरलं तर दहास एक उताराला वाकण्याची ताकद ८१ उरते, पाचास एकला ५५. अचानक धक्का सोसण्याचं बळ तर त्याहून झपाट्याने घसरतं. दहास एकला ६२, पाचास एकला ३६. बंदुकीत कामाचा आकडा हा दुसरा, कारण तिथे काम धक्क्याचं. तक्ता पाचास एकवर संपतो. आमचा कुंदा त्याच्याही पलीकडचा होता.

आणखी एक गोष्ट सापडली. लाकडाच्या ज्या तोंडाला ॲक्शनचं लोखंड टेकतं तिथे डावीकडे घासून चकाकी आलेली, उजवीकडे चिमूटभर धूळ. म्हणजे उजवीकडे लोखंड टेकतच नव्हतं. कारागिराने काजळी लावून बैठक नीट बसवली असणार, तशा खुणा होत्या. पण बसवली जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत. नंतर ग्वाल्हेरचा मे आला. पारा ४५वर आणि हवेत पाण्याचा टिपूस नाही. अक्रोड ओल्यापासून पूर्ण कोरडा होईस्तोवर आडव्या अंगाने साडेपाच ते साडेसात टक्के आकसतो. लाकडातली आर्द्रता नुसती बारावरून आठ टक्क्यांवर आली तरी ६० मिलिमीटर जाडीत जवळपास अर्धा मिलिमीटर जातो. वर बेचक्याचं लाकूड सगळीकडे सारखंही आकसत नाही. मग सगळा धक्का एका कोपऱ्यावर येतो आणि लोखंड पाचरीसारखं काम करतं. माझ्या मते चिरेचं मूळ तंतूंत होतं, बैठकीच्या फटीने ती लवकर आणली इतकंच. फट नसती तर कदाचित हजार काडतुसं निघाली असती. पण फुटली असतीच.

दादासाहेबांना पटेना. "पण ग्रेड सर्वांत वरची होती हो," हे ते तीनदा म्हणाले. त्यांची समजूत अशी, आणि ती बहुतेकांची असते, की ग्रेड म्हणजे सोन्याच्या कॅरटसारखं काहीतरी. कुणीतरी तपासून, ताकद-बिकद मोजून शिक्का मारत असेल. तसं कुणी नाही. कुंद्याच्या अक्रोडाला जगात एकच एक मानक नाही. तुर्की विक्रेते एक ते पाच आकडे लावतात, काही जण पाचाच्या पुढे अधिकचं चिन्ह जोडतात. अमेरिकेत स्टँडर्ड, सेमी-फॅन्सी, फॅन्सी, एक्स्ट्रा-फॅन्सी, एक्झिबिशन अशी चढण, किंवा ए, डबल-ए, ट्रिपल-ए. एकाची तीन नंबरची फळी दुसऱ्याच्या दुकानात पाच नंबरने खपते. मोजतात काय, तर नक्षी किती भागावर पसरली आहे, दोन्ही बाजूंना आहे की एकाच, काळ्या रेघा किती ठळक, रंगाला उठाव किती. चांगला विक्रेता मुठीतले तंतू बघूनच ठोकळा कापतो, पण ते त्याच्या शहाणपणावर. ग्रेडच्या अक्षरात ते लिहिलेलं नसतं. आणि यादीतला फोटो जवळजवळ नेहमीच ओला हात फिरवलेल्या लाकडाचा असतो. ओलं केलं की बाभळीची ढलपीही राजबिंडी दिसते.

नावांचंही तसंच. फ्रेंच, इंग्लिश, तुर्की, सर्केशियन आणि आपला काश्मिरी, ही सगळी एकाच जातीची झाडं, शास्त्रीय नाव जुग्लान्स रेजिया. फरक पडतो तो माती, हवा आणि झाडाच्या वयाने. खरोखर वेगळा तो अमेरिकेचा काळा अक्रोड, जुग्लान्स नायग्रा. तो गडद, जरा मोकळ्या पोताचा. त्याचं पांढरं लाकूड पुष्कळदा वाफ देऊन गाभ्याच्या रंगाला आणतात, त्यात गाभ्याची झळाळी मात्र मरते.

जूनमध्ये आमच्यापुढे तीन ठोकळे होते. पहिला त्याच दिल्लीवाल्याने "झालं गेलं विसरा" म्हणून सवलतीत देऊ केलेला, पुन्हा ट्रिपल-ए. दुसरा तुर्की, त्याच्या यादीत दोन नंबरचा. तिसरा ग्वाल्हेरलाच मिळाला, मेळ्यात काश्मिरी फर्निचर घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे पडलेली जाड फळी. तिला ग्रेडच नव्हती. व्यापारी म्हणाला, कोरीवकामाला घेतली होती, पण नक्षी नाही आणि एका कडेला पांढरं आहे, म्हणून राहिली. काश्मिरात अक्रोड तोडायला परवानगी लागते, म्हणून तिथली जाड फळी हाताशी येणं सोपं नाही. मी ती उचलून वासही घेतला. सवय आहे.

ठोकळा बघायची माझी पद्धत पॅटर्नवाल्याची आहे. घरात जुना एक्स-रे होता. ब्लीचच्या पाण्यात बुडवून त्याचा काळा थर धुऊन काढला, की काचेसारखी फिल्म उरते. मूळ कुंदा तिच्यावर ठेवून बाहेरची रेघ काढली, कापली, आणि मुठीच्या जागी दोन समांतर रेघा मारल्या. हा फर्मा ठोकळ्यावर ठेवायचा आणि हळूहळू फिरवायचा. त्या दोन रेघांच्या मधले तंतू रेघांना समांतर आले की थांबायचं. नक्षी बघायची ती त्याच्यानंतर. पारदर्शक फर्म्यात हे दिसतं, पुठ्ठ्यात नाही.

पहिल्या ठोकळ्यावर फर्मा कसाही फिरवा, पिसाचा देठ मुठीत यायचाच. ठोकळा दोन इंच लांब असता तर फर्मा मागे सरकवून पीस रुंद भागात नेता आलं असतं, पण विक्रेत्याने तो मापातच कापला होता. दुसऱ्याची मूठ उत्तम, फर्मा ठेवल्याठेवल्या रेघा जुळल्या, एक गाठ होती ती कापून जाणाऱ्या भागात. किंमत १८ हजार. तिसऱ्यावर फर्मा पाचसहा अंश फिरवला आणि दोन कामं एकदम झाली. मुठीतले तंतू सरळ आले, आणि कडेचा पांढरा पट्टा फर्म्याच्या बाहेर गेला. त्या पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, भुंगेरा लागल्याची. त्याला स्टार्चवालं पांढरं लाकूड आवडतं, गाभ्यात तो सहसा शिरत नाही. पट्टा त्याच दिवशी कापून अंगणात जाळला.

मी तिसरा म्हटला, दादासाहेब पहिला. "आजोबांच्या बंदुकीला बिनग्रेडचं लाकूड लावू?" असं म्हणून ते उठलेच. त्यांना थांबवलं ते माझ्या तक्त्याने नाही. मी मूळ कुंदा पुढे ठेवला आणि विचारलं, "मुठीवर काय दिसतं?" मुठीवर चेकरिंगची जाळी होती, इंचाला बावीस रेघांची, आणि तिच्या आतलं लाकूड दिसतच नव्हतं. त्या जागी ट्रिपल-ए लावा की देवदार, वरून जाळी आणि जाळीवर पंजा. मागे रुंद भागावर मूळ कुंद्याला नक्षी होती का? होती, दोन काळ्या रेघा. विलायती कारखान्याने त्यांच्या आजोबांना एवढंच दिलं होतं. दादासाहेब परत बसले.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. फळीच्या टोकाचा तुकडा कापून मी वजन केलं, १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला, ९२ राहिले. आर्द्रता पावणेनऊ टक्के. खूश होऊन "लाकूड तयार आहे" असं जाहीर केलं. उस्तादांनी ठोकळा हातावर तोलला आणि मान हलवली. मी घरी येऊन विचार केला तेव्हा लाज वाटली. लाकूड टोकाकडून आधी सुकतं, हे शिकाऊ पोरालाही सांगतो मी, आणि तुकडा कापला टोकाचाच. मग दोन्ही टोकांना मेण लावलं आणि दर रविवारी ठोकळा किराणावाल्याच्या काट्यावर. सुरुवात २ किलो ६१० ग्रॅम. जूनअखेर २ किलो ५१०. शंभर ग्रॅम पाणी आत होतं, माझ्या ओव्हनला न सापडलेलं. पावसात वजन चाळीस ग्रॅम परत चढलं, सप्टेंबरात उतरू लागलं. लागोपाठ चार रविवार काटा हलला नाही, तेव्हा ऑक्टोबर निम्मा सरला होता. इंचाला एक वर्ष हवेत सुकवायचं असा जुना नियम आहे. ही फळी आधीच काही वर्षं पडून होती, म्हणून इतक्यात भागलं.

ओबडधोबड आकार मी काढून दिला, बैठक उस्तादांनी बसवली. ते काम बघण्यासारखं असतं. रॉकेलच्या चिमणीवर लोखंड धरायचं, काजळी चढली की लाकडात दाबायचं, उचलायचं, आणि जिथे काळं उमटलं तिथून पटाशीने कागदाइतका पापुद्रा काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. माझ्यासमोर त्यांनी हे चाळीसेक वेळा केलं, नंतर मी मोजायचं सोडलं. शेवटी सगळ्या तोंडावर सारखी काळी छटा आली. वरच्या पट्टीच्या मागच्या टोकाशी मात्र त्यांनी मुद्दाम पोस्टकार्डभर फट ठेवली. तिथे लोखंड लाकडाला टेकलं तर पाचर बसते, म्हणाले. पहिल्या कुंद्याची चीर नेमकी तिथूनच निघाली होती, आणि तिथली फट मी तपासली नव्हती. माझ्या निदानात तेवढी जागा कोरी राहिली.

पॉलिशला अळशीचं तेल. विलायती बंदूकवाले त्या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजवून लालसर झाक आणतात. तिच्याच कुळातलं आपल्याकडे रतनजोत, रोगनजोशला रंग देतं ते. दाल बाजारातून पन्नास ग्रॅम आणलं, तेलात आठ दिवस ठेवलं. थेंबभर तेल तळहाताने रगडायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दीड महिना हे चाललं. साध्या तपकिरी फळीला विटेसारखी ऊब आली, आणि मागच्या भागात एक काळी रेघ वर आली जी कोरडेपणी कुणाला दिसलीच नव्हती. दादासाहेबांनी ती बोटाने शोधली. बोलले काही नाहीत. एकूण लाकडाचा खर्च सहा हजार झाला, हे त्यांनी घरी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल त्यांनी तीनशेवर काडतुसं झाडली. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मुद्दाम त्याच सुमाराला, उस्तादांनी कुंदा उतरवून दाखवला. तोंडावरची चकाकी दोन्हीकडे सारखी. फट मोजायची ०.१० मिलिमीटरची फीलर पट्टी आत गेली नाही, ०.०५ची गेली. वरच्या लोखंडी पट्टीमागची पोस्टकार्डाची फट जशीच्या तशी. शाईचा थेंब पुन्हा टाकायचा मोह झाला होता, पण पॉलिश खरवडू देतील तर ते दादासाहेब कसले.

फुटलेल्या ट्रिपल-ए कुंद्याचा मागचा भाग मी मागून घेतला होता. त्याच्या दोन पातळ फळ्या काढल्या, पीस उघडं पडेल अशा जोडून वहिनीसाहेबांच्या पानदानाला झाकण केलं. गेल्या उन्हाळ्यात ते एका कोपऱ्याला जरा वळलं आणि आता बंद करताना थोडं दाबावं लागतं.